जिवाणूचा ठसा आणि पोल्ट्रीवाल्याचा हिशेब

पोल्ट्रीचा धंदा करणारा माणूस पिलांची किंमत, खाद्याची पोती, वीज, मजुरी आणि बँकेचा हप्ता यांचा पैशापैशाचा हिशेब ठेवतो. पण शेडमध्ये मरतूक सुरू झाली की आठ दिवसांत हा सारा हिशेब कोलमडतो आणि मग वादाला तोंड फुटते. शेडवाला म्हणतो, हॅचरीने पिलेच रोगट दिली. हॅचरीवाला म्हणतो, तुमच्या शेडमध्ये स्वच्छता नाही. कोणी खाद्यावर संशय घेतो, कोणी लसीवर. प्रत्येकाचा आवाज चढलेला असतो आणि पुरावा कोणाच्याच हाती नसतो. शेवटी ज्याचे पैसे अडकलेले असतात तो गप्प बसतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच घडते.

या वादात साक्ष देऊ शकेल असा एक साक्षीदार मात्र हजर असतो. मेलेल्या कोंबडीच्या यकृतात तो जिवाणू जिवंत असतो. तो कोणत्या जातीचा, कोणत्या वंशाचा आणि त्याचे भाऊबंद आणखी कोठे सापडतात, हे त्याच्या डी.एन.ए.वरून ओळखण्याचे शास्त्र गेल्या चाळीस वर्षांत तयार झाले आहे. या शास्त्राची तोंडओळख आपल्या व्यावसायिक बांधवांना व्हावी, यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. राणीखेत (मानमोडी) किंवा बर्ड फ्लू हे विषाणूंमुळे होणारे रोग आहेत. २००६ साली आणि पुन्हा २०२१ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या व्यावसायिकांनी बर्ड फ्लूचा जो फटका सोसला तो निराळा विषय आहे. येथे आपण जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगांविषयी, आणि त्यातही साल्मोनेला या एका घराण्याविषयी बोलणार आहोत.

रोगाचे नाव म्हणजे पूर्ण पत्ता नव्हे

एखाद्या पाकिटावर नुसते ‘शेख, रत्नागिरी’ असे लिहिले तर पोस्टमन ते पत्र कोणाला देणार? मोहल्ला हवा, गल्ली हवी, घर नंबर हवा. प्रयोगशाळेकडून ‘साल्मोनेला सापडला’ एवढाच अहवाल येणे म्हणजे असेच अर्धवट पत्त्याचे पाकीट होय. साल्मोनेलाचे २,५०० हून अधिक प्रकार आतापर्यंत ओळखले गेले आहेत. त्यांतील बहुसंख्य प्रकारांशी पोल्ट्रीवाल्याचा कधी संबंध येत नाही. तीन प्रकार मात्र त्याने नावानिशी ओळखले पाहिजेत.

पहिला पुलोरम. लहान पिलांना पांढरी हगवण लागते, पार्श्वभागाला विष्ठा चिकटते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिले भराभर मरतात. हा जिवाणू बाधित कोंबडीच्या अंड्यातूनच पिलात उतरतो. अंडी उबवण्याच्या यंत्रात एक रोगट पिलू फुटले की त्याच्या लवेबरोबर तो शेजारच्या पिलांपर्यंत पोचतो.

दुसरा गॅलिनेरम. यामुळे होणाऱ्या रोगाला फाउल टायफॉईड म्हणजे कोंबड्यांचा विषमज्वर म्हणतात. तो प्रामुख्याने वाढत्या व अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना होतो. तुरा फिका पडतो, हिरवट पिवळी हगवण लागते, यकृत सुजून तांब्यासारखे तपकिरी दिसते. हाही अंड्यातून उतरू शकतो. शिवाय विष्ठा, दूषित पाणी, मेलेले पक्षी आणि कोंबड्यांचे रक्त पिणारे लाल माइट हे बारीक किडे यांच्यामार्फत पसरतो.

तिसरा एंटेरिटिडिस. याची चाल उलटी आहे. कोंबडी बाहेरून धडधाकट दिसते, अंडी देत राहते. पण अंड्याच्या आत जिवाणू असू शकतो आणि कच्चे किंवा अर्धेकच्चे अंडे खाणारा माणूस आजारी पडतो. पहिले दोन प्रकार माणसाला क्वचितच त्रास देतात. म्हणजे पहिल्या दोघांत शेडवाल्याचे नुकसान, तिसऱ्यात ग्राहकाचे आरोग्य आणि साऱ्या बाजाराची अब्रू.

गंमत अशी की हे तिघे जवळचे नातेवाईक आहेत. गॅलिनेरम आणि एंटेरिटिडिस यांच्या प्रत्येकी सुमारे ४७ लाख अक्षरांच्या जनुकसंचाची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यावरून दोघे एकाच अलीकडच्या पूर्वजापासून आले असावेत असे दिसले. गॅलिनेरमची शेकडो जनुके कालांतराने निकामी झाली आणि तो जणू कोंबड्यांपुरताच उरला.

जुन्या तपासण्या कोठे अडतात?

पुलोरमसाठी थेंबभर रक्त आणि रंगीत अँटिजेन काचेच्या पट्टीवर मिसळून पाहण्याची तपासणी आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. ती स्वस्त आहे, जागेवर होते आणि अतिशय उपयोगी आहे. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजनेत अशाच रक्ततपासणीच्या जोरावर बाधित पैदाशीच्या कोंबड्या बाजूला काढल्या गेल्या आणि काही दशकांत तेथील व्यावसायिक कळपांतून पुलोरम व फाउल टायफॉईड हे दोन्ही रोग जवळजवळ हटले.

पण तिची एक मर्यादा आहे. वरील तिन्ही जिवाणूंच्या अंगावरचे आवरण बरेचसे सारखे असल्याने ही तपासणी पुलोरम व गॅलिनेरम यांच्यात फरक करू शकत नाही, आणि एंटेरिटिडिसची बाधा असली तरी ती होकारार्थी येऊ शकते. जिवाणू वाढवून त्याला डल्सिटॉल नावाची शर्करा खायला दिली की गॅलिनेरम ती आंबवतो, पुलोरम आंबवत नाही. अशा युक्त्यांनी मोहल्ला कळतो. परंतु घर नंबर, म्हणजे हाच जिवाणू हॅचरीत होता की शेजारच्या फार्मवर, हे या जुन्या तपासण्यांना सांगता येत नाही. त्यासाठी डी.एन.ए.कडे वळावे लागते.

ठसा कसा घेतात?

पहिली महत्त्वाची पद्धत १९८४ साली अमेरिकेत श्वार्त्झ आणि कँटर या शास्त्रज्ञांनी मांडली. तिचे नाव पल्स्ड फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. जिवाणूचा डी.एन.ए. हा एक लांबलचक धागा समजा. ठरावीक अक्षरक्रम दिसला की तेथेच कापणारी एक रासायनिक कात्री या धाग्यावर चालवतात. साल्मोनेलाच्या धाग्याचे साधारण दहा ते वीस तुकडे होतात. हे तुकडे जेलीसारख्या थरात ठेवून त्यातून दिशा बदलत वीज सोडली की लहान तुकडे पुढे सरकतात, मोठे मागे राहतात. शेवटी जे पट्टे दिसतात ते साबणाच्या वेष्टनावरील बारकोडसारखे असतात. दोन जिवाणूंचे पट्टे जुळले तर ते एकाच वंशाचे असण्याचा संभव मोठा.

दुसरी पद्धत पी.सी.आर. ची. कॅरी मलिस यांना या शोधाबद्दल १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोरोनाच्या साथीत हे नाव घरोघरी पोचले. यात डी.एन.ए.च्या हव्या त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढून तो तुकडा आहे की नाही, असल्यास किती लांब आहे, हे काही तासांत पाहता येते. पुलोरम की गॅलिनेरम, लसीचा वाण की बाहेरचा, असे नेमके प्रश्न विचारायला ही पद्धत सोयीची.

तिसऱ्या पद्धतीत डी.एन.ए.वरील अशा जागा निवडतात जेथे एखादा छोटा अक्षरक्रम पुन्हापुन्हा येतो. किती वेळा येतो ते मोजून आकडे मांडतात. एंटेरिटिडिससाठी युरोपात अशा पाच जागा मोजतात, आणि २-९-७-३-२ असा जिवाणूचा जणू टेलिफोन नंबरच तयार होतो.

चौथी आणि सर्वांत बारीक पद्धत म्हणजे सगळीच्या सगळी अक्षरे वाचून काढणे. पूर्वी याला वर्षे लागत. आता चांगल्या प्रयोगशाळेत काही दिवसांत होते. अमेरिकेतील रोगजिवाणूंच्या ठशांचे जाळे ‘पल्सनेट’ १९९६ साली पट्ट्यांच्या पद्धतीवर सुरू झाले होते. २०१९ साली त्याने संपूर्ण जनुकसंच वाचण्याची पद्धत स्वीकारली.

ठसा नसला तर सगळेच आरोपी

ठशाचे मोल व्यापाराच्या भाषेत समजून घ्यायचे तर दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

१९८८ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या तत्कालीन कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी यांनी, देशातील बहुतेक अंडी उत्पादनाला साल्मोनेलाची बाधा झाली आहे, असे जाहीर विधान केले. अंड्यांचा खप एकदम घसरला. ज्यांच्या फार्मवर जिवाणूचा मागमूस नव्हता त्यांचीही अंडी पडून राहिली. गदारोळ इतका झाला की दोन आठवड्यांच्या आत करीबाईंना राजीनामा द्यावा लागला. एंटेरिटिडिसचा प्रश्न खरा होता. पण बोट एका फार्मकडे न जाता साऱ्या धंद्याकडे गेले.

२०१० साली अमेरिकेत अंड्यांतूनच एंटेरिटिडिसची मोठी साथ आली. सुमारे १,९०० लोक आजारी पडल्याची नोंद झाली. या वेळी रुग्णांकडून मिळालेल्या जिवाणूंचे ठसे जुळवले गेले, हॉटेलांच्या खरेदीच्या पावत्यांवरून माग काढला गेला आणि तपास आयोवा राज्यातील दोन उत्पादकांपाशी येऊन थांबला. तेथील शेडमध्ये व खाद्याच्या नमुन्यांत तोच ठसा सापडला. सुमारे ५५ कोटी अंडी परत मागवावी लागली. नुकसान प्रचंड झाले, पण ते कोणाच्या दारात न्यायचे हे ठरवता आले.

याच घटनेत ठशाची मर्यादाही दिसली. त्या वेळी सापडलेला पट्ट्यांचा नमुना अमेरिकेत एंटेरिटिडिसमध्ये सर्रास आढळणारा होता. नुसता ठसा जुळला म्हणून दोष सिद्ध होत नव्हता. पावत्यांची जोड मिळाली तेव्हाच चित्र स्पष्ट झाले. संपूर्ण जनुकसंच वाचण्याची पद्धत आल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. २०१६ साली युरोपातील अनेक देशांत विखुरलेल्या रुग्णांचा धागा याच पद्धतीने जोडून तो पोलंडमधील अंड्यांच्या फार्मपर्यंत नेण्यात आला.

लसच उलटली काय?

फाउल टायफॉईडवर जगभर वापरली जाणारी एक जुनी लस आहे, ९-आर. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम्स स्मिथ यांनी १९५६ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही जिवंत लस आहे. म्हणजे गॅलिनेरमचाच एक दुबळा झालेला वाण कोंबडीला टोचतात. तो रोग न करता शरीराला लढायला शिकवतो. असंख्य लेयर कळप या लसीने वाचवले आहेत.

पण लस टोचलेल्या कळपातच मरतूक झाली तर? येथे दोन शक्यता असतात. एक, बाहेरून जोरदार जंगली वाण आला आणि लस कमी पडली. दोन, लसीचाच वाण पुन्हा बळावला. दोन्हींत कोंबडी मरते आणि दोन्हींत यकृतात गॅलिनेरमच सापडतो. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. पहिल्या बाबतीत बाहेरची दारे बंद करायची. दुसऱ्या बाबतीत लसीचा कार्यक्रम पशुवैद्यकाकडून तपासून घ्यायचा.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या देशांतील लेयर कळपांतून मिळालेल्या गॅलिनेरमची ९-आर शी तुलना केली गेली. पट्ट्यांच्या आणि मोजणीच्या पद्धतीत त्या जिवाणूंचे ठसे लसीसारखेच निघाले. मग ज्या कळपात मरतूक वाढली होती तेथील एका जिवाणूची सगळी अक्षरे वाचली. सुमारे ४७ लाख अक्षरांत, ज्यामुळे प्रथिन बदलते असे अवघे ९ फरक सापडले. ज्या दोन जनुकांतील बिघाडामुळे लस सौम्य राहते, त्यांतील बदलामुळे हा जिवाणू पुन्हा मारक झाला असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

यावरून लस टोचू नये असा अर्थ कोणी काढू नये. लस न टोचलेल्या कळपात फाउल टायफॉईड शिरला तर होणारे नुकसान कितीतरी मोठे असते. अर्थ एवढाच की ‘लसीनेच घात केला’ किंवा ‘लसीने असे होणे शक्यच नाही’ ही दोन्ही वाक्ये तपासणीआधी बोलायची नसतात.

ठशावरून निर्णय कसा घ्यावा?

समजा, एका शेडमध्ये लागोपाठ तीन बॅचना फाउल टायफॉईड झाला. तिन्ही वेळच्या जिवाणूंचा ठसा एकच निघाला आणि पिले मात्र तीन वेगळ्या हॅचऱ्यांची होती, तर जिवाणू शेडमध्येच ठाण मांडून आहे असे समजावे. तूस, पाण्याची टाकी, उंदीर, माइट यांच्याकडे पाहावे. हॅचरी बदलून काही साधणार नाही.

समजा, एकमेकांपासून दूर असलेल्या चार शेडवाल्यांकडे एकाच आठवड्यात पिले मरू लागली, चौघांनी एकाच हॅचरीची पिले घेतली होती आणि चौघांकडचा ठसा एक निघाला. आता हॅचरीकडे जाऊन पैदाशीच्या कळपाची तपासणी करा, असे सांगण्यात वजन येते. हॅचरीवाल्यालाही ते हिताचेच असते, कारण रोगाचा उगम वेळेवर कळला तर त्याचे इतर ग्राहक वाचतात.

समजा, प्रत्येक खेपेला वेगळाच ठसा निघाला. मग एक दार नव्हे तर सगळीच दारे उघडी आहेत. क्रेट, अंड्यांचे ट्रे, गाड्या, येणारी-जाणारी माणसे, मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट, या सर्वांची शिस्त लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ठसा वेगळा निघाला तर ‘तुमच्याकडून आला नाही’ असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. ठसा एकच निघाला तर ‘तुमच्याकडूनच आला’ असे म्हणण्याची घाई करू नये. गॅलिनेरमच्या वाणांत मुळातच फरक थोडे असतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन फार्मवरही सारखे पट्टे दिसू शकतात. शिवाय जिवाणू हॅचरीतून शेडमध्ये गेला की परत आलेल्या ट्रेबरोबर शेडमधून हॅचरीत गेला, ही दिशा पट्टे सांगत नाहीत. ती तारखांवरून व नोंदवहीवरून ठरते.

शेडवाल्याने काय करावे?

मरतूक सुरू होताच पहिले काम म्हणजे औषध देण्याआधी नमुना घेणे. आपल्याकडे उलटे होते. आधी दोन-तीन अँटिबायोटिक पाण्यातून जातात आणि ती लागू पडली नाहीत की मेलेला पक्षी प्रयोगशाळेत जातो. तोवर जिवाणू वाढवणेच अवघड झालेले असते, आणि जिवाणू हाती आला नाही तर ठसा कशाचा घेणार? ताजा मेलेला किंवा मरणाच्या वाटेवरील पक्षी बर्फात ठेवून, गळणार नाही अशा पिशवीत, लवकरात लवकर पोचवावा. कुजलेला पक्षी उपयोगाचा नाही.

दुसरे, जिवाणू मिळाल्यावर कोणते औषध लागू पडेल याची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. ठसा जिवाणूचा माग सांगतो. औषध निवडण्यासाठी ही वेगळी तपासणी लागते. कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यावर भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली आहे, हेही ध्यानात असावे.

तिसरे, प्रयोगशाळेला विनंती करून मिळालेला जिवाणू जपून ठेवायला सांगावे. आजचा ठसा एकटाच असेल तर त्याचा उपयोग मर्यादित. सहा महिन्यांनी पुन्हा रोग आला तर तुलना करायला हाच जुना नमुना कामी येतो.

चौथे, नोंदवही. पिलांचा बॅच नंबर व तारीख, खाद्याची खेप, लसीचे नाव व बॅच नंबर, कोणत्या दिवशी किती मरतूक, हे रोज लिहावे. आयोवाच्या प्रकरणात पावत्यांनी जे काम केले तेच आपल्या शेडमध्ये ही वही करील.

पाचवे, जिवंत जिवाणूंची लस टोचण्याच्या आगेमागे पशुवैद्यकाला न विचारता अँटिबायोटिक देऊ नये. औषधाने लसीतील जिवाणू मरतो आणि लसीचा खर्च पाण्यात जातो.

महाराष्ट्रात पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. उत्तर प्रदेशातील इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत पशुपक्ष्यांतील साल्मोनेलाचे प्रकार ओळखण्याचे राष्ट्रीय केंद्र आहे. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक तपासणी होतेच असे नाही. म्हणून नमुना पाठवण्याआधी काय होते, किती दिवस लागतात आणि शुल्क किती, हे विचारून घ्यावे. पाचशे पक्ष्यांच्या शेडवाल्याला दर वेळी जनुकीय तपासणी परवडणार नाही, हे उघड आहे. पण एकाच हॅचरीची पिले घेणाऱ्या दहा जणांनी मिळून एका तपासणीचा खर्च उचलला तर तो प्रत्येकाला जड जाणार नाही, आणि दहा जणांचे नमुने एकत्र आल्याने तुलनाही खऱ्या अर्थाने होईल.

धंद्यात दोष देणे सोपे आणि दोष शोधणे कष्टाचे असते. ज्याने दोष शोधला त्याला पुढच्या बॅचमध्ये पैसा कोठे खर्चायचा हे कळते: नव्या तुसावर, उंदरांच्या बंदोबस्तावर, दुसऱ्या हॅचरीवर की लसीच्या वेळापत्रकावर. ज्याने नुसता दोष दिला त्याच्या हाती भांडण उरते. म्हणून पुढच्या खेपेला मरतूक दिसली की औषधाच्या बाटलीला हात घालण्याआधी एक पक्षी बर्फात ठेवा आणि पशुवैद्यकाला फोन करा.